‘सगळे एकाच माळेचे मणी’ म्हटल्याने कोणाचे फावते?

बड्या कंपन्यांचा विषय निघाला की बोलणे बहुधा एकाच वळणावर येऊन थांबते. कोणीतरी एखाद्या ताज्या लबाडीची बातमी सांगतो, बाकीचे माना डोलावतात आणि ‘यात नवल ते काय, सगळे एकाच माळेचे मणी’ असे म्हणून विषय मिटतो. या उद्गारामागे अनुभव असतो, चीड असते आणि पुन्हा पुन्हा फसवले गेल्याचा थकवाही असतो, हे मला मान्य आहे. तरीही गेली काही वर्षे मला या उद्गाराचीच अधिक चिंता वाटू लागली आहे, कारण सर्वांत वाईट वागणाऱ्या कंपनीला याहून सोयीचे वाक्य शोधूनही सापडणार नाही. सगळेच चोर असतील तर नेमके तिच्याच मागे का लागायचे, आणि सगळेच चोर ठरणार असतील तर दुसऱ्या एखाद्या कंपनीने पदरमोड करून सचोटीने का वागायचे, या प्रश्नांना त्या वाक्यात जागाच नाही.

अविश्वास आहे आणि तो खोलवर आहे, याबद्दल वाद नाही. गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था अमेरिकेतील लोकांना दरवर्षी निरनिराळ्या संस्थांवरील विश्वासाबद्दल विचारते. २०२३ मध्ये बड्या उद्योगांवर चांगला विश्वास असल्याचे सांगणारे जेमतेम १४ टक्के निघाले, तर छोट्या उद्योगांच्या बाबतीत हेच प्रमाण ६५ टक्के होते. नफा दोघेही कमावतात आणि जाहिरातही दोघेही करतात. तेव्हा लोकांचा आक्षेप व्यापारावर नसून आकारावर आणि त्या आकारामुळे पडणाऱ्या अंतरावर आहे, असे मानायला जागा आहे. छोट्या व्यावसायिकाला गाठता येते, त्याला तोंडावर चार शब्द सुनावता येतात आणि एक गिऱ्हाईक तुटले तरी ते त्याला जाणवते. बड्या कंपनीत आपली तक्रार कोणाच्या टेबलावर जाते, हेदेखील आपल्याला कळत नाही. एवढे असूनही अविश्वास दाखवणारे हेच लोक, म्हणजे आपण सगळे, रोजच्या वापरातील बहुतेक वस्तू बड्या कंपन्यांकडूनच घेतो. याला दुटप्पीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण पर्याय पुष्कळदा नसतो आणि असला तर तोही तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या कंपनीचा असतो.

ग्राहकाची ताकद म्हणजे खरेदी न करण्याची ताकद, असे आपण धरून चालतो. ही समजूत किती टिकते, हे पाहायला फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचे प्रकरण चांगले आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील काही संशोधकांनी डिझेलवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये मोजमापाची यंत्रे बसवून त्या प्रयोगशाळेऐवजी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहिल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइड या प्रदूषक वायूचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या कित्येक पट असल्याचे दिसले. प्रयोगशाळेत मात्र त्याच गाड्या चाचणी पास होत होत्या. यामागची युक्ती पाहण्यासारखी आहे. चाचणीच्या वेळी गाडी जागच्या जागी फिरत्या रोलरवर चालवली जाते, त्यामुळे चाके फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही. गाडीतील सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू राहण्याचा कालावधी अशा खुणांवरून आपली परीक्षा चालू आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरते धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवत असे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हे उघड केले, जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ही लबाडी असल्याचे कंपनीने कबूल केले आणि काही दिवसांतच तिच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. जगभर नाचक्की झाली. यानंतर ग्राहकांनी पाठ फिरवली असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, फोक्सवॅगन समूहाने १ कोटी ३ लाखांच्या आसपास गाड्या विकल्या आणि टोयोटाला मागे टाकून विक्रीत जगात पहिला क्रमांक मिळवला.

कंपनीला या प्रकरणाचा फटका बसलाच नाही, असे नाही. दंड, गाड्या परत घेण्याचा खर्च आणि न्यायालयीन तडजोडी मिळून तिला ३० अब्ज युरोंहून अधिक रक्कम मोजावी लागली. पण हा फटका कायद्याने, न्यायालयांनी आणि मूळ मोजमाप करणाऱ्या मूठभर माणसांनी दिला. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाने नव्हे. आणि ग्राहकाने तो द्यावा तरी कसा? गाडी उत्तम पळत होती. चालकाच्या जागेवर बसून नायट्रोजन ऑक्साइड मोजता येत नाही, आणि त्या धुराचा त्रास ज्याला होतो तो बहुधा गाडी विकत घेणारा माणूस नसतोच.

विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते, या साध्या गोष्टीचे परिणाम किती दूरवर जातात, हे जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले आणि पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी ते एक होते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की, चांगली गाडी कोणती आणि आतून खराब कोणती हे ओळखता येत नसेल तर घेणारा दोन्हींच्या मधली किंमत देऊ करतो; ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो; मग उरलेल्या मालाचा दर्जा आणखी घसरतो आणि घेणारा किंमत आणखी पाडतो. कंपन्यांच्या चारित्र्याबद्दलही हेच घडते, असे मला वाटते. आपण सगळ्यांवर सारखाच अविश्वास दाखवतो तेव्हा प्रत्येक कंपनीला आपण मधलीच किंमत देत असतो, मग ती सुरक्षेवर खर्च करणारी असो की तो वाचवणारी. अशा वातावरणात सचोटीचा खर्च उचलणे हा निव्वळ तोटा ठरतो. ‘माळेचे मणी’ म्हणणारा माणूस स्वतःला सावध समजतो, पण बाजाराच्या हिशोबात तो वाईट मणी बनवणाऱ्याचा भार हलका करत असतो.

तंबाखू कंपन्यांना हे सर्वांत आधी उमगले होते. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन छापून आणले. लोकांचे आरोग्य ही आपली सर्वांत मोठी जबाबदारी असल्याचे त्यात म्हटले होते आणि धूम्रपानावरील संशोधनाला साहाय्य करण्याचे वचनही दिले होते. पुढच्या काळात कागदोपत्री काय चालले होते, हे न्यायालयांतून बाहेर आलेल्या अंतर्गत टिपणांवरून कळते. १९६९ च्या सुमारास एका कंपनीच्या टिपणात ‘शंका हेच आमचे उत्पादन आहे’ असे स्वच्छ लिहिलेले आढळते. या वाक्याकडे नीट पाहावे. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा, अशी या कंपन्यांची अपेक्षाच उरलेली नव्हती. लोकांनी कोणावरच विश्वास ठेवू नये, डॉक्टरांवर नाही आणि आकडेवारीवरही नाही, एवढे साधले तरी त्यांचे काम होत होते. १९९४ मध्ये सात प्रमुख कंपन्यांच्या मुख्य अधिकाऱ्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर शपथेवर सांगितले की, निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही. चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, याच उद्योगाने ४६ राज्यांशी केलेल्या तडजोडीत २५ वर्षांत सुमारे २०० अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. हे यश ग्राहकांनी सिगारेट सोडल्याने मिळाले नव्हते. राज्यांनी खटले भरले, अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, आणि कोणावर व कशासाठी अविश्वास ठेवायचा हे त्या कागदांनी नेमकेपणाने सांगितले.

मग बहिष्काराला काहीच अर्थ नाही का? आहे, पण काही अटींवर. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, तो गरीब देशांत बाळांच्या पावडरच्या दुधाची ज्या पद्धतीने जाहिरात होत होती त्यावरून. स्वच्छ पाण्याची खात्री नसलेल्या घरांत ते दूध पातळ करून, अशुद्ध पाण्यात कालवून पाजले जाई आणि त्याची किंमत बाळांना मोजावी लागे. हा बहिष्कार टिकला आणि काही प्रमाणात फळाला आला, कारण त्याची मागणी सुटसुटीत होती: अशा जाहिरातीवर नियम हवेत आणि कंपनीने ते पाळावेत. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली, मतदान ११८ विरुद्ध १ असे झाले आणि ते एकमेव विरोधी मत अमेरिकेचे होते. कंपनीने संहिता पाळण्याचे मान्य केल्यावर १९८४ मध्ये बहिष्कार थांबवण्यात आला आणि ती पाळली जात नसल्याच्या आरोपावरून १९८८ मध्ये पुन्हा सुरू झाला. थांबवण्याची अट आधी ठरलेली होती, म्हणून तो थांबवता आला आणि पुन्हा सुरूही करता आला. आज समाजमाध्यमांवर रोज एखाद्या कंपनीवर बहिष्काराची हाक उठते आणि तिने काय केले म्हणजे आपण समाधानी होऊ, हे हाक देणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशा बहिष्काराकडे चार दिवस कानाडोळा करायचा, एवढेच कंपनीला करावे लागते.

ब्रेंट स्पारचे प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे आणि ते मला फार बोलके वाटते. उत्तर समुद्रातील तेल साठवण्याची ही प्रचंड तरंगती टाकी निकामी झाल्यावर शेल या तेल कंपनीने ती अटलांटिकच्या खोल पाण्यात बुडवायचे ठरवले आणि ब्रिटिश सरकारची परवानगीही मिळवली. ३० एप्रिल १९९५ रोजी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते टाकीवर चढले, जर्मनीत लोकांनी शेलच्या पेट्रोल पंपांकडे पाठ फिरवली आणि २० जून रोजी कंपनीने बेत सोडून दिला. ग्राहकांच्या रेट्यापुढे जगातील एक बलाढ्य कंपनी दोन महिन्यांच्या आत नमली, आणि तीदेखील सरकार तिच्या बाजूने असताना. पुढे सप्टेंबरमध्ये मात्र ग्रीनपीसलाच जाहीर माफी मागावी लागली, कारण टाकीत सुमारे ५ हजार टन तेल शिल्लक असल्याचा त्यांचा अंदाज साफ चुकलेला होता. नमुना टाकीच्या आतून न येता वर जाणाऱ्या नळीतून आला होता. समुद्राला कचऱ्याचे कोठार करू नये, हे मूळ तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही, आणि १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकलगतच्या देशांनी अशा सांगाड्यांना समुद्रात सोडून देण्यावर जवळपास बंदीच घातली. तरीही कंपनीकडून अचूक आकड्यांची मागणी करणाऱ्याने स्वतःच्या आकड्यांनाही तीच कसोटी लावली पाहिजे. ग्रीनपीसने चूक काही महिन्यांत मान्य केली, हे श्रेय त्यांना द्यायला हवे. कंपन्यांना एवढ्या लवकर माफी मागताना मी फारसे पाहिलेले नाही.

असाच सैलपणा फोर्ड कंपनीच्या पिंटो या गाडीच्या गोष्टीत शिरला आहे. जळून मरणाऱ्या माणसाची किंमत २ लाख डॉलर आणि दुरुस्तीचा खर्च गाडीमागे ११ डॉलर असा हिशोब मांडणारे १९७० च्या दशकातील टिपण पिंटोच्या संदर्भात वारंवार उद्धृत केले जाते. ते टिपण सरकारी नियमाच्या चर्चेसाठी, गाडी उलटल्यावर लागणाऱ्या आगींबद्दल आणि सर्वच अमेरिकी बनावटीच्या गाड्या धरून केलेले होते. पिंटोचा दोष मागून बसणाऱ्या धडकेने इंधनाची टाकी फुटून आग लागण्याचा होता. दोष खरा होता आणि १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. मग गोष्ट मीठमिरची लावून सांगण्याची गरजच काय?

एकाच कंपनीला कायमचे चांगले किंवा वाईट ठरवणेही व्यर्थ आहे. १९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जणांचा जीव गेला, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या आणि पुढे छेडछाड झाल्यास लगेच दिसून येईल असे वेष्टन आणले. हे उदाहरण आजही व्यवस्थापनाच्या वर्गात आदर्श म्हणून शिकवले जाते. त्याच कंपनीच्या टाल्कम पावडरमधील ॲस्बेस्टॉस या कर्करोगकारक खनिजाच्या अंशाबद्दल हजारो खटले झाले; पावडर सुरक्षित आहे असे कंपनी सांगत राहिली आणि अखेर २०२३ मध्ये तिने टाल्क असलेली बेबी पावडर जगभर विकणे थांबवले. पहिल्या प्रसंगात गुन्हेगार बाहेरचा होता, दुसऱ्यात आरोप स्वतःच्या मालावर होता. कंपनीच्या वागण्यातील फरक बराचसा एवढ्यावरून समजतो, असे माझे मत आहे.

छोट्या जाचाचा मुद्दा वेगळा आहे, कारण तिथे जीव जात नाही आणि म्हणूनच कोणी लढत नाही. एका सेवेचे सदस्यत्व मी मागे रद्द करायला घेतले. घेताना एका बटणावर काम झाले होते. सोडताना आधी कारण विचारले गेले, मग सवलत देऊ केली गेली, मग काही महिने ‘विश्रांती’ घेण्याचा पर्याय पुढे आला आणि शेवटच्या पानावर ठळक रंगाचे बटण राहण्यासाठी होते, तर जाण्याचा दुवा खाली फिकट अक्षरांत होता. हा आळशीपणा नसतो, ती मेहनतीने केलेली रचना असते. ॲमेझॉनवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार-नियामक संस्थेने २०२३ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात ‘प्राइम’ या सशुल्क सेवेचे सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेत चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय असल्याचे नमूद केले होते, आणि या प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ म्हणजे होमरच्या त्या न संपणाऱ्या युद्धकाव्याचे नाव दिलेले होते, असेही म्हटले होते. नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण २.५ अब्ज डॉलरवर मिटले आणि त्यांतील १.५ अब्ज ग्राहकांना परत करायचे ठरले. एकेका ग्राहकाचे नुकसान एवढे किरकोळ असते की त्यासाठी वकील करणे कोणालाच परवडत नाही. कंपनीच्या बाजूने मात्र तेच थेंब एकत्र येऊन मोठी रक्कम होते. ही विषमता रागावून भरून निघत नाही. ती भरून काढायला सामूहिक दावे आणि नियामक संस्था लागतात.

आता तक्रारीबद्दल. असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे, अशी मांडणी अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये केली होती. तिच्यातील एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटते: दर्जाबद्दल सर्वांत जागरूक असलेले ग्राहक सर्वांत आधी निघून जातात, आणि त्यामुळे ज्यांचा आवाज कंपनीला सुधारू शकला असता नेमके तेच आवाज तिथून नाहीसे होतात. भांडकुदळ गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, तर एखाद्या सुस्त कंपनीला हायसेच वाटत असेल.

जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीच्या इग्निशन स्विचच्या, म्हणजे किल्लीने गाडी चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, बाबतीत आवाज उठलाही होता. गुडघा लागला किंवा किल्ल्यांचा जुडगा जड असला की चालत्या गाडीची किल्ली जागची सरकायची, इंजिन बंद पडायचे, स्टिअरिंग जड व्हायचे आणि अपघात झाल्यास एअरबॅग उघडत नसे. गाडी अचानक बंद पडते, अशा तक्रारी कंपनीकडे अनेक वर्षे येत होत्या; कंपनीत मात्र त्यांची नोंद सुरक्षेऐवजी ‘ग्राहकाच्या सोयी’चा प्रश्न म्हणून होत राहिली. २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एका तरुणीचा अशा गाडीत मृत्यू झाला आणि तिच्या आई-वडिलांच्या वकिलाने एक अभियंता नेमला. त्या अभियंत्याने अपघातातील गाडीचा स्विच आणि बाजारातून विकत आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा आतली छोटी खिट्टी नव्या भागात किंचित लांब असल्याचे त्याच्या ध्यानात आले. स्विच मधल्या काळात गुपचूप सुधारला गेला होता, पण त्यावरचा क्रमांक जुनाच ठेवला होता, त्यामुळे कागदावर काहीच बदललेले दिसत नव्हते. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि भरपाईसाठी नेमलेल्या निधीने या दोषामुळे १२४ मृत्यू झाल्याचे मान्य केले. दोन खिट्ट्यांच्या लांबीतील त्या फरकाने जे केले ते हजारो चिडलेल्या ग्राहकांकडून झाले नव्हते, आणि तरी त्या ग्राहकांच्या जुन्या, तारखेनिशी लिहिलेल्या तक्रारी नसत्या तर कंपनीला पूर्वीपासून सारे ठाऊक होते हे सिद्ध करता आले नसते.

म्हणून तक्रार करताना मी हल्ली विशेषणे गाळतो आणि मॉडेल क्रमांक, तारीख, काय घडले एवढेच लिहितो, आणि तीच तक्रार नियामकाकडेही पाठवतो. ती एकटी वाचली जाणार नाही, हे मला माहीत आहे. ती नोंदलेली असणे मला पुरेसे वाटते.

नोंदी असूनही त्या कुलूपबंद राहतात, ही मात्र माझ्या मते यातील सर्वांत मोठी अडचण आहे. एखादा पीडित न्यायालयात जातो, कंपनी चांगली रक्कम देऊ करते आणि त्या बदल्यात सारी कागदपत्रे गुप्त ठेवण्याची अट घालते. पीडिताने ती मान्य केली तर त्याला दोष देता येत नाही. पण तोच दोष असलेली वस्तू वापरणाऱ्या पुढच्या माणसाला काहीच कळत नाही आणि त्याचा वकील पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. फ्लोरिडा राज्याने १९९० मध्ये यावर कायदा केला आहे: लोकांच्या जिवाला धोका असलेली गोष्ट दडवणारा आदेश न्यायालयाला काढता येत नाही आणि तशी अट घालणारा करारही अंमलात आणता येत नाही. जिथे असा कायदा नाही तिथे ग्राहक संघटनांनी आपल्या मागण्यांत तो पहिला ठेवावा, असे मला वाटते. किमती, सवलती आणि ग्राहक सेवेच्या वागणुकीबद्दलच्या मागण्या त्याच्यामागून आल्या तरी चालतील.